आबेदाभाभीचं इंग्रजी

रहिमतपुरात माझ्याकडून इंग्रजी शिकलेली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतली निम्मी मला रस्त्यात बघून अजून गल्ली बदलतात. शाळेत मी क्रियापदांच्या जोड्या फळ्यावर लिहायची आणि वर्गाकडून घोकून घ्यायची. से आणि टेल, हिअर आणि लिसन, लेट आणि मेक. पोरं घोकायची, पेपरात चुकायची, आणि पुढं कुणी ऊस लावायला तर कुणी पलटणीत निघून जायची. त्या जोड्यांवाचून कुणाचं काही अडलं नाही. ज्या बाईचं खरोखर अडलं ती मला निवृत्त झाल्यावर भेटली, आणि ती पन्नाशीला टेकलेली होती. आबेदा नदाफ. आम्ही सगळे तिला आबेदाभाभी म्हणतो.

तिचा नवरा अल्लाबक्ष, पिढीजात पिंजारी. बाजारपेठेच्या टोकाला गाद्यांचं दुकान, मागं घर. तो कापूस पिंजायचा, भाभी खोळी शिवायची आणि भरलेल्या गादीला दाभणानं टाके घालायची. गावातली निम्मी लग्नं त्यांच्या गाद्यांवर सुखानं नांदली असं मी त्याला म्हणायची, तेव्हा तो लाजून पाठ फिरवायचा. त्यांचा एकुलता एक अजमल माझा विद्यार्थी. हुशार हातांचा, इंग्रजीत दगड. ‘से’च्या जागी ‘टेल’ आणि ‘टेल’च्या जागी ‘से’ हे त्याचं दहावीपर्यंत सुटलं नाही. मी त्याचा कान धरून म्हणायची, “अरे गड्या, जगात कुठं जाशील या इंग्रजीवर?” तो गेला. बोटीवर, इंजिनाच्या खोलीत कामाला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी त्याची बोट आफ्रिकेच्या बाजूला बंदूकवाल्यांनी धरली. समुद्री चाचे आम्ही गोष्टींत वाचलेले, त्यांचं आमच्या गल्लीशी काही नातं निघेल असं कुणाला वाटलं होतं! कंपनीचा एक माणूस फोनवर धीर द्यायचा. बोलणी चालू आहेत, पोरं सुखरूप आहेत, एवढंच तो सांगायचा. मग एक दिवस त्यानं कळवलं की पोरांना घरी फोन करू देणार आहेत.

त्या दिवशी मी तिथंच होते. अर्धी गल्ली दुकानात कापसावर दाटीवाटीनं बसलेली. फोन वाजला, भाभीनं झडप घालून उचलला आणि आईनं जे विचारावं तेच विचारलं.

“अज्जू, जेवलास का रं बाळा?”

पलीकडं सणकन आवाज झाला, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढा. चापट म्हणा, काठी म्हणा, काय होतं ते आम्हाला दिसत नव्हतं. अजमल कळवळला. मग एक परका, घोगरा आवाज आला, “ओन्ली इंग्लिश,” आणि फोन बंद.

त्यांच्यातल्या एकाला इंग्रजी येत होतं आणि तो प्रत्येक फोन ऐकत बसायचा, हे आम्हाला कंपनीच्या माणसाकडून नंतर कळलं. त्याला न कळणारा एक शब्द जरी निघाला तरी मार पोरांना. भाभी दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. आपण विचारलं आणि पोराला मार बसला, एवढं एकच तिच्या डोळ्यांत होतं. अल्लाबक्ष भिंतीकडं तोंड करून म्हणाला, “फुडचा फोन तूच घे. माझ्या तोंडातनं शिवी निघंल अन् पोरगं मरंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात.

“बाई, मला इंग्लिश शिकवा. लय न्हाई. पोराशी बोलण्यापुरतं.”

“अहो भाभी, तुम्ही कशाला त्रास घेता? फोन मी घेते, मी बोलते त्याच्याशी.”

“आवं, आई मी हाय का तुमी?”

मी तिला आत घेतलं.

सातवीपर्यंत शिकलेली बाई. तिला अक्षरं येत होती, बाकी सगळा आनंद. मी तिच्याच दुकानात जाऊन शिकवायला लागले, कारण हात थांबले की तिला रडू यायचं. ती खोळ शिवायची, मी शब्द सांगायची. शाळेत मी फळ्यावर छडी आपटून शिकवलं ते इथं हळू आवाजात, घाबरत घाबरत शिकवत होते. विद्यार्थी चुकला तर मार्क जातो हा माझा आयुष्यभराचा हिशेब. इथं चुकलं तर काय जाईल याचा विचार मी मुद्दाम करत नव्हते. तरी तो यायचाच.

‘वाँट’ नको, मी म्हणायची, तो शब्द हुकूम केल्यासारखा वाटेल. ‘गो’ नको, ‘रन’ तर नकोच, पळून जायचं ठरवताहेत असं वाटेल. ‘लुक’ म्हणा, ‘वॉच’ नको, ‘वॉच’मध्ये पाळत ठेवल्याचा वास येतो. असे शब्द काढून टाकता टाकता आईनं लेकाशी बोलायला फार थोडे उरले. भाभी ते पुन्हा पुन्हा म्हणायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, “ह्यानं मारणार न्हाईत न्हवं?”

समजायला मात्र तिला वेळ लागायचा नाही. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ मी सांगितलं तशी ती शिलाई मशीन थांबवून म्हणाली, “म्हंजी मशीन चालू असलं तरी दारातलं गिऱ्हाईक ऐकू येतं, ते हिअर. अन् त्यो काय म्हणतोय ते ऐकायचं तर मशीन थांबवाय लागतंय, ते लिसन. व्हय?”

“व्हय,” मी म्हटलं.

‘से’ आणि ‘टेल’ची पाळी आली. मी म्हटलं, “से म्हणजे नुसतं तोंडानं म्हणणं. टेल म्हणजे समोरच्याला खरं काय ते सांगणं.” व्याकरणाच्या पुस्तकात असं नाही, पण शाळेतही मी पोरांना असंच सांगायची. भाभीचा चेहरा बदलला.

“म्हंजी खंडाळ्याच्या लोकांनी मला से केलं. टेल न्हाई केलं.”

खंडाळा तिचं माहेर. आता आमच्या भागाची रीत सांगायला हवी. आमच्याकडं माणूस सरळ मरत नाही, आधी सिरियस होतो. गेला असं फोनवर सांगायची कुणाची छाती होत नाही. “जरा सिरियस हाय, लगेच निघा,” एवढंच म्हणतात. ऐकणाराही समजायचं ते समजतो आणि समजलं नाही असं दाखवत एस.टी.त बसतो. भाभी तेव्हा नवी नवरी, घरातलं पहिलंच मरण, तिला ही रीत कुठली माहीत. शेजारच्या किराणा दुकानात फोन आला, अब्बा सिरियस आहेत, ये. सिरियस म्हणजे आजारी, असं धरून तिनं त्यांच्यासाठी मऊ खिचडी केली, वर तूप घातलं, डबा फडक्यात बांधला आणि गेली. माहेरच्या दारात माणसं उभी होती. सगळे तिच्या हातातल्या डब्याकडं बघत होते.

“सगळ्यांना ठावं हुतं, बाई. कंडक्टरलाबी ठावं असंल. मी एकटीच खुळी, डबा सांडू नये म्हणून मांडीवर धरून बसलेली.”

तेव्हापासून तिला गोड बोलून झाकणारी माणसं सोसत नाहीत. अजमलला तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकवली होती की तो लहानपणी डबा बघितला तरी हसायचा. बोटीवर जाताना मायलेकांनी एकमेकांना शब्द दिला होता. काय असेल ते सरळ सांगायचं, कुणी कुणाला खंडाळ्याला पाठवायचं नाही.

पुढचा फोन आला तेव्हा भाभीनं तो कानाला लावलाच नाही. नव्या गादीवर ठेवला, आवाज मोठा केला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.

“माय सन. डू यू ईट?”

“येस, मदर. दे गिव्ह राइस. दे लेट अस स्लीप ऑन डेक.”

त्याच्या तोंडून ‘अम्मा’ऐवजी ‘मदर’ ऐकताना मला कसंसंच झालं. पण भाभीला आनंद झाला होता. ‘लेट’ म्हणाला, म्हणजे झोपू देतात, वर मोकळ्या वाऱ्याला झोपू देतात. दिवसभर ती त्या एका शब्दावर खूश होती. टाका घालता घालता मध्येच म्हणायची, “लेट.”

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. फोन वाजावा असं वाटायचं आणि वाजला की वाजायला नको होता असं वाटायचं. एकदा गादीच्या ऑर्डरसाठी कुणा अनोळखी माणसाचा फोन आला, भाभीनं त्याला “माय सन” म्हटलं. त्या बिचाऱ्यानं माफी मागून फोन ठेवला. आम्ही दोघी हसलो आणि हसता हसताच ती रडायला लागली.

मग खरा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“मदर. आय अ‍ॅम फाइन. दे मेक अस स्लीप डाउन.”

आणि कट.

‘मेक’. मला ऐकू आला होता तो शब्द. मी गप्प बसले, म्हटलं तिच्या ध्यानात आला नसेल. भाभी गादीवरच्या फोनकडं बघत होती.

“बाई, लेट न्हाई म्हणाला.”

“अहो, त्याचं इंग्रजी मला माहीत नाही का? दोन्ही एकच समजतो तो.”

“झोपू देणं अन् झोपाय लावणं एकच का, बाई? खाली म्हंजी इंजिनाच्या खोलीत. तिथं हवा न्हाई, त्यानंच सांगितलंय. खाली कोंडलंय त्यास्नी.”

दोन दिवसांनी कंपनीच्या माणसानं कबूल केलं, पोरांना खाली हलवलंय. त्या दिवसापासून मी अजमलच्या प्रत्येक शब्दाला भ्यायला लागले. तो आता चुकून बोलत नव्हता. मोजून मोजून एकेक क्रियापद पाठवत होता, आणि ते उघडून बघायचं काम आमच्याकडं होतं.

अल्लाबक्ष या सगळ्यात बोलेनासा झाला होता. फोनच्या वेळी तो दुकानाच्या दारात उभा राहायचा. ‘मेक’चा अर्थ बायकोनं सांगितल्यावर त्यानं फक्त पिंजायचं यंत्र बंद केलं. एका शुक्रवारी सकाळी गादीत कापूस भरता भरता तो त्या गादीवरच आडवा झाला. भाभीला वाटलं, दमला, पडू दे घटकाभर. चहा घेऊन आली तोवर गेला होता. जुम्म्याची नमाज झाल्यावर माती दिली.

संध्याकाळी बातमी कळल्यावर कंपनीच्या माणसाचा फोन मला आला. भाभीशी बोलायचं त्याला धैर्य नव्हतं.

“मॅडम, त्या बाईंना समजावा. मुलाला यातलं काही कळू देऊ नका. मागं एका बोटीवरच्या पोराला घरचं वाईट कळलं आणि त्यानं अन्नच सोडलं. पुढं काय झालं ते मी सांगत नाही.”

मी ते भाभीला सांगितलं. ती घरात इद्दतीत बसली होती, नवरा गेल्यावर ठरावीक दिवस घराबाहेर पडायचं नाही, मशीनही बंद.

“त्यानं इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पण त्यानं खाणं सोडलं तर, बाई?”

खरं सांगितलं तर पोरगा खचून मरेल. नाही सांगितलं तर सुटून आल्यावर बापासाठी काहीबाही भेट घेऊन दारात उभा राहील, आणि सगळी गल्ली त्याच्या हाताकडं बघत राहील. तिला दोन्हीकडून भीती होती. मला मात्र एकच भीती होती, पोरगा मरेल ही. म्हणून मी माझ्या पेटीतले शब्द काढले.

“भाभी, फादर इज रेस्टिंग म्हणा. विश्रांती घेतायत. खोटंही नाही.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “तुमीबी खंडाळ्याच्याच निघालात की.”

मला लागलं. पण मी हट्ट सोडला नाही. सलग तीन दिवस मी ‘रेस्ट’चीच विनवणी करत होते. ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. खात तर काहीच नव्हती. शेजारची बनुबाई रोज ताट आणायची. तिचा नवरा फौजेत होता, त्यामुळं फोनच्या भीतीवर तिची अर्धी हयात गेलेली. ती ताट पुढं सरकवून म्हणायची, “दोन घास खा गं. पोरासाठी तरी खा.” भाभी चहा प्यायची आणि ताट तसंच राहायचं.

मंगळवारी दुपारी बनुबाई पिठलं-भाकरी ठेवून नुकतीच गेली होती, आणि फोन वाजला. भाभीनं तो अल्लाबक्षच्या अर्ध्या भरलेल्या गादीवर ठेवला. ती गादी कुणी पुरी केली नव्हती आणि कुणी उचललीही नव्हती.

“हॅलो, मदर.”

“माय सन. डू यू ईट?”

“राइस केम. आय ईट आफ्टर फोन.” मध्ये कुणाचा तरी जड श्वास ऐकू येत होता, तो घोगऱ्या आवाजाचा माणूस असणार. “मदर, हाऊ इज फादर?”

मी भाभीसमोर बसले होते. मी नुसते ओठ हलवून तिला दाखवलं, रेस्ट. रेस्ट. ती माझ्याकडं बघतच नव्हती. तिचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

“फादर...” ती म्हणाली. “फादर इज सिरियस.”

हा शब्द मी तिला शिकवला नव्हता. इतकी वर्षं ज्या शब्दाचा तिनं राग राग केला तोच तिच्या तोंडून निघाला, कारण पोटच्या पोराला असलं सांगायची वेळ आली की आमच्याकडच्या माणसाजवळ दुसरा शब्दच नसतो. तिचं तिला कळलं असावं. ती एकदम विझल्यासारखी झाली.

पलीकडं काही नाही. फक्त तो श्वास. मला वाटलं, फोन गेला.

“मदर,” अजमल म्हणाला. आवाज अगदी हळू होता. “यू से. यू नॉट टेल.”

भाभी हलली नाही.

“टेल मी, मदर.”

दहावीच्या तिन्ही चाचण्यांत चुकवलेली जोडी पोरानं तिथं, मानेवर बंदूक असताना, बरोबर लावली. मला शिक्षक म्हणून काय वाटायला हवं होतं कुणास ठाऊक. मला फक्त भीती वाटली, की आता ती सांगणार.

“डाइड,” भाभी म्हणाली. “फ्रायडे. मॉर्निंग.” मग शब्द शोधत, “नो पेन.”

मी कान लावून बसले. तो ओरडेल, आपल्या भाषेत रडेल, मग सणकन तो आवाज येईल. पलीकडं तो दुसरा माणूस त्याच्या बोलीत काहीतरी म्हणाला. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. फोन आता तुटणार, मग तुटणार, असं होत राहिलं, पण तो तुटला नाही. अजमलचा श्वास फाटल्यासारखा येत होता. रडायला भाषा लागत नाही, तरी तो आवाज न करता रडत होता.

मग त्यानं विचारलं, “मदर, यू ईट?”

“येस, येस. आय ईट.”

“टेल.”

भाभीनं पदर डोळ्यांना लावला. “नो,” ती म्हणाली.

“ईट नाऊ. आय लिसन.”

भाभी उठली. मला आधी कळेना ती कुठं निघाली. तिनं जाऊन पंखा बंद केला. खोली एकदम शांत झाली. परत येऊन तिनं ताट गादीवर ओढलं, फोनच्या अगदी जवळ, आणि भाकरीचा तुकडा मोडला. वरचा पापुद्रा कडक झाला होता, तो मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, म्हणजे तिकडंही गेला असणार. तिनं तो पिठल्याला लावून तोंडात घातला. घास फिरेना. शुक्रवारपासून चहाशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. ती चावत राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती. तिकडंही सगळे गप्प होते, बंदूकवाला धरून.

घास गिळल्यावर ती फोनवर वाकली.

“यू ईट,” ती म्हणाली. “आय लिसन.”

मग पलीकडं ताटली सरकल्याचा आवाज आला, आणि मग पोरगा खायला लागल्याचा.

भाभीनं दुसरा घास मोडला.